‘गेन वाढवा, सिग्नल सापडेल’ : एका दाव्याचा प्रतिवाद

हौशी रेडिओ आणि उपग्रहांचे संकेत ऐकणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुनःपुन्हा फिरताना दिसतो. त्याचे सार असे : सिग्नल कमकुवत असेल तर जास्त गेनचा (सिग्नल जास्त पटीने वाढवणारा) अ‍ॅम्प्लिफायर लावावा; 20 डेसिबलऐवजी 40 डेसिबलचा (दर 10 डेसिबलला शक्ती दहापट) घेतला तर शंभरपट कमकुवत सिग्नल ऐकू येईल; तो रिसीव्हरशेजारी टेबलावर ठेवला तरी चालतो; नॉइज-व्होल्टेजचा (चिप स्वतः निर्माण करते त्या खरखरीच्या व्होल्टेजचा) आकडा सर्वांत लहान असलेली चिप प्रत्येक कामात सर्वोत्तम ठरते; आणि अ‍ॅम्प्लिफायर थंड केला की नॉइजचा प्रश्नच मिटतो. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्यांचे पैसे आणि श्रम अशा सल्ल्यात वाया जातात, म्हणून यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान गेनचे. अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल आणि नॉइज यांत भेद करता येत नाही. आत जे येते ते सारे तो सारख्याच पटीने वाढवतो आणि त्यात स्वतःची भर घालतो. कोणत्याही रोधात इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीमुळे नॉइज निर्माण होतो, हे जॉन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत मोजले आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित 1928 मध्ये मांडले. खोलीच्या तापमानाला ही शक्ती दर हर्ट्झमागे उणे 174 डीबीएम (1 मिलीवॅटच्या तुलनेतले डेसिबल) इतकी असते. म्हणून सिग्नल किती मोठा झाला याला महत्त्व नाही, तो नॉइजच्या किती वर राहिला याला आहे. आणि हे गुणोत्तर एकदा घसरले की पुढे कितीही गेन दिला तरी ते परत मिळत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर कुठे बसवायचा, हा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे आणि मूळ मजकुरातली सर्वांत महागात पडणारी चूक इथेच आहे. हॅराल्ड फ्रिस यांनी 1944 मध्ये दिलेल्या सूत्रानुसार साखळीतल्या प्रत्येक टप्प्याच्या नॉइजला त्याच्या आधीच्या एकूण गेनने भागले जाते, त्यामुळे पहिल्या टप्प्याचा नॉइज पूर्ण मोजला जातो आणि पुढच्यांचा जवळजवळ विरून जातो. 435 मेगाहर्ट्झवर हौशी उपग्रह ऐकण्याचे उदाहरण घेऊ. गच्चीवरच्या अँटेनापासून खोलीपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये 6 डेसिबल घट आहे, अ‍ॅम्प्लिफायरची नॉइज फिगर (सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर किती घसरते, तो आकडा) 1 डेसिबल आणि गेन 20 डेसिबल आहे, तर रिसीव्हरची नॉइज फिगर 8 डेसिबल आहे, असे धरू. अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला तर संपूर्ण साखळीची नॉइज फिगर सुमारे 7.2 डेसिबल येते. त्याच जागी 40 डेसिबलचा बसवला तर ती 7.0 होते, म्हणजे ‘शंभरपट’ फायद्याच्या जागी हाती फक्त 0.2 डेसिबल लागते. याउलट तोच जुना 20 डेसिबलचा अ‍ॅम्प्लिफायर पाण्यापासून सुरक्षित अशा डबीत घालून अँटेनाच्या मुळाशी बसवला, तर आकडा 1.8 डेसिबलवर उतरतो. घरोघरच्या डिश अँटेनाचा एलएनबी (पहिला अ‍ॅम्प्लिफायर असलेली डबी) भिंतीवर न बसवता डिशच्या नाभीपाशी बसवतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

जादा गेन निरुपद्रवी असतो, हा समजही बरोबर नाही. शहरात एफएम केंद्रे आणि मोबाइल मनोरे यांचे बलवान सिग्नल त्याच अँटेनातून आत शिरतात. दोन बलवान सिग्नलांमुळे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उपजणारे तिसऱ्या कोटीचे इंटरमॉड्युलेशन (त्यांच्या मिसळण्यातून बनणारे खोटे सिग्नल) मूळ सिग्नल 1 डेसिबलने वाढले की 3 डेसिबलने वाढते, आणि पुढच्या रिसीव्हरला अनावश्यक गेन देणे म्हणजे त्याला याच संकटाकडे ढकलणे होय. आधी फिल्टर लावला तर त्याची घट थेट नॉइज फिगरमध्ये मिळवावी लागते. ही तडजोड जागा पाहूनच करावी लागते.

चिपच्या निवडीबद्दलचे विधान अर्धसत्य आहे. अ‍ॅम्प्लिफायरला नॉइज-व्होल्टेजइतकाच नॉइज-करंटही असतो, आणि तो स्रोताच्या रोधातून वाहिला की त्याचेही व्होल्टेज बनते. दर वर्गमूळ हर्ट्झला 0.9 नॅनोव्होल्ट आणि 1 पिकोअँपिअर नॉइज असलेली बायपोलर (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर आधारलेली) चिप 100 ओहमच्या स्रोताला जोडली तर 10 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तिची भर अवघी 0.09 मायक्रोव्होल्ट असते, आणि ती खरोखर उत्तम ठरते. तीच चिप 100 किलोओहमच्या स्रोताला जोडा : रोधाचा स्वतःचा नॉइज 4 मायक्रोव्होल्ट, तर चिपच्या करंटमुळे आलेला 10 मायक्रोव्होल्ट! इथे 5 नॅनोव्होल्टची, कागदावर ‘वाईट’ दिसणारी एफईटी (दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची) चिप, नॉइज-करंट नगण्य असल्याने, केवळ 0.5 मायक्रोव्होल्टची भर घालते. पीएच मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शेकडो मेगाओहम असतो. तिथे बायपोलर चिपचा विचारही करू नये.

थंड करण्याने अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज घटतो हे खरे आहे. पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या होल्मडेल येथे 4080 मेगाहर्ट्झवर द्रवरूप हेलियमने थंड केलेला मेझर (अत्यंत कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर) वापरला, म्हणूनच 3.5 केल्विन इतका क्षीण जादा नॉइज त्यांना पकडता आला (इथे नॉइज हा तेवढाच नॉइज देणाऱ्या रोधाच्या तापमानाने सांगतात). तो विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाचा निघाला. पण त्या वारंवारतेला आकाश शांत असते. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांवरचे अ‍ॅम्प्लिफायर अतिशीत केलेले नाहीत. 150 मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर पाहिले तरी आकाशाचेच तापमान दोनशे-तीनशे केल्विन असते. आकाशाचे 250 केल्विन आणि अ‍ॅम्प्लिफायरचे 35 केल्विन धरले, तर अ‍ॅम्प्लिफायर 5 केल्विनपर्यंत आणूनही एकूण नॉइज जेमतेम दहावा हिस्सा कमी होतो, आणि त्यासाठी 30 अँटेनांवर शीतयंत्रे सांभाळावी लागली असती. 7 मेगाहर्ट्झवर तर वातावरणाचा आणि शहराचा नॉइज इतका असतो की 15 डेसिबल नॉइज फिगरचा रिसीव्हरही पुरतो.

आपल्या साखळीत खरा अडसर कुठे आहे, हे ज्याला त्याला पाहता येते. अँटेना काढून तिच्या जागी, केबलच्या त्याच टोकाला, 50 ओहमचा रोध जोडावा आणि रिसीव्हरवरची नॉइजची पातळी दोन्ही वेळा नोंदवावी. 7 मेगाहर्ट्झवर अँटेना जोडताच ती कितीतरी वर उडी घेईल. तिथे प्रीअ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याची गरज नाही. 435 मेगाहर्ट्झवर, आसपास मानवनिर्मित नॉइज नसेल आणि अँटेनाला आकाश-जमीन मिळून 100 केल्विन दिसत असेल, तर रोध अँटेनापेक्षा गरम असल्याने अँटेना जोडल्यावर पातळी खाली आली पाहिजे : अ‍ॅम्प्लिफायर अँटेनापाशी असेल तर सुमारे 2.5 डेसिबलने, टेबलावर असेल तर जेमतेम 0.6 डेसिबलने.