केसीएल, लटकती बाटली आणि "आजवर काही झालेलं नाही": एका प्रतिक्रियेला उत्तर

पोटॅशियम क्लोराइडच्या इंजेक्शनवरच्या, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की सलाईनमधून देतात त्या आपल्या रोजच्या केसीएलवरच्या लेखाखाली 'वॉर्डातली सिस्टर' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. एक अक्षरही न गाळता ती मी छापली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग (त्यातली 'दुसरी सही' म्हणजे औषधाचा हिशोब दुसऱ्या सिस्टरने तपासून केलेली सही):

"मॅडम, एसीत बसून लिहायला काय जातं! रात्री 40 पेशंटला आम्ही दोघी असतो, तुमची ती दुसरी सही आणायची कुठून? केसीएल आम्ही लटकत्या सलाईनमध्येच टाकतो, ड्रिप चालू असली की आपोआप मिसळतं, आजवर कुणाला काही झालेलं नाही. इन्शुलिनच्या सिरिंजवर तर उगाच पान घालवलंत, आता पेन आलेत. आणि तो फोटो! अशी चकचकीत ट्रॉली कुठे असते ते तरी सांगा."

आधी फोटोचं. मान्य. खऱ्या ट्रॉलीवर स्पिरिटचे डाग असतात, चिकटपट्टीचे तुकडे असतात, कुणीतरी अर्धा ठेवलेला चहा असतो. फोटो बदलते. झालं समाधान?

आता एसीचं. लेखातला एखादा आकडा चुकीचा वाटला असता तर तुम्ही तो आकडा लिहिला असता. तो न लिहिता लिहिणारी कुठे बसते यावर बोलायचं, ही पद्धत मला ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना वॉर्डाचा ताबा घेताना, ऐकू येणाऱ्या टोमण्यांमुळे चांगली परिचयाची आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर मेडिसिन वॉर्ड, मग डायलिसिस, मग आयसीयू आणि त्यानंतर ट्यूटर, हा माझा क्रम. रक्तातलं पोटॅशियम 7 च्या वर (नॉर्मल साडेतीन ते पाच) गेलेला पेशंट कसा दिसतो हे मला पुस्तकात बघावं लागत नाही. एवढं पुरे, कारण यानंतर मला तुमच्या एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे: "ड्रिप चालू असली की आपोआप मिसळतं."

मिसळत नाही, सिस्टर.

आपल्याकडची 10 मिलीची अँपूल 15 टक्क्यांची असते, म्हणजे एका मिलीत 150 मिलिग्रॅम, पूर्ण अँपूलमध्ये दीड ग्रॅम, 20 एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, पोटॅशियम मोजायचं एकक). नॉर्मल सलाईन 0.9 टक्के. इतकं घट्ट आणि जड द्रावण पातळ द्रावणात सोडलं की ते काकवीसारखं तळाशी बसतं. लटकत्या बाटलीचा तळ कुठे असतो? तिच्या तोंडाशी. तुम्ही सुई टोचता ते रबरही तिथेच, आणि आयव्ही सेटचं टोकही तिथेच घुसलेलं. ड्रिप चालू असल्याने बाटलीत काही ढवळलं जात नाही. उलट तळाशी बसलेलं केसीएल सर्वांत आधी नळीत ओढलं जातं.

हिशोब करून बघा. ऑर्डर आहे 500 मिलीत 20 एमईक्यू, 4 तासांत. म्हणजे तासाला 125 मिली, एका मिलीला 20 थेंब पडणाऱ्या सेटवर मिनिटाला 42 थेंब, आणि पोटॅशियम जायला हवं तासाला 5 एमईक्यू. आता समजा सगळं केसीएल खालच्या 50 मिलीत राहिलं. ते 50 मिली 24 मिनिटांत संपतात. म्हणजे 20 एमईक्यू 24 मिनिटांत, ताशी 50 च्या वेगाने. साध्या वॉर्डात, मॉनिटर नसताना, तासाला 10 च्या वर जायचं नाही. 20 पर्यंत जायचं तर ईसीजी मॉनिटर आणि शक्यतो सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) लागते. कागदावर ऑर्डर बरोबर, थेंबही बरोबर, आणि पेशंटला गेलं ते मर्यादेच्या पाचपट वेगाने. उरलेले साडेतीन तास तो साधं सलाईन घेत असतो.

20 हा आकडा लहान वाटतो म्हणून सांगते. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं, तिथे लिटरला 140 ते 150. बाहेर, रक्तात, लिटरला साडेतीन ते पाच. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तद्रव साधारण 3 लिटर. म्हणजे अख्ख्या रक्तद्रवातलं पोटॅशियम 12 एमईक्यूच्या आसपास, आणि तुमच्या हातातल्या एका अँपूलमध्ये 20. हळू दिलं तर ते पेशींत शिरतं, मूत्रपिंड जास्तीचं बाहेर टाकतं. वेगात दिलं तर त्याआधीच हृदयाशी पोहोचतं. ईसीजीच्या आलेखावर आधी टी वेव्ह उंच आणि टोकदार होतात, मग पीआर हे अंतर लांबतं, पी वेव्ह नाहीशा होतात, क्यूआरएस रुंदावतो आणि शेवटी हृदय थांबतं. तुमच्या वॉर्डात मॉनिटर नसेल तर यातलं काही दिसणारच नाही. दिसेल ते इतकंच, की पेशंट म्हणतोय, "सिस्टर, हात झोंबतोय." शीर अरुंद असली, इंट्राकॅथ (शिरेतली प्लास्टिकची सुई) सरकली असली तरी हात दुखतो हे खरं. पण केसीएल चालू असताना झोंबतंय म्हटलं की हात चोळून पुढे जायचं नसतं. ड्रिप बंद करायची, बाटली आणि थेंब बघायचे.

"आजवर काही झालेलं नाही." याचंही उत्तर देते, कारण या एका वाक्यावर तुमची सगळी प्रतिक्रिया उभी आहे. ज्याचं पोटॅशियम 2.8 आहे, लघवी नीट होतेय, मूत्रपिंडं धड आहेत, त्याला असा एखादा लोंढा बहुतेक वेळा सोसतो. पण 68 वर्षांचे आजोबा, क्रिएटिनिन 2.4, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, हार्टसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू, लघवी तासाला 20 मिली? त्यांना सोसत नाही. या दोन्ही गोळ्या पोटॅशियम शरीरात अडवून ठेवतात. म्हणून अँपूल फोडण्याआधी युरिन आउटपुट बघायचं, तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवं, आणि आजचा रिपोर्ट बघायचा, परवाचा नाही. असे आजोबा पहाटे गेले तर केस पेपरवर 'कार्डिॲक अरेस्ट' लिहिलं जातं. नंतर रक्त तपासूनही काही सिद्ध होत नाही, कारण मृत्यूनंतर पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा तसाही वाढलेलाच असतो. तेव्हा "काही झालेलं नाही" याचा अर्थ "आम्हाला कळलेलं नाही" असाही होऊ शकतो. हे कडू लागलं तर लागो.

लटकत्या बाटलीची आणखी एक गोची तुम्ही सांगितलीच नाहीत. राउंड संपून ऑर्डर येईपर्यंत बाटली अर्धीअधिक उतरलेली असते. 200 मिली उरल्यात, त्यात 20 एमईक्यू टाकले, तर नीट मिसळूनसुद्धा लिटरला 100 होतात. हाताच्या शिरेतून लिटरला 40 च्या वर द्यायचं नाही. म्हणजे तिथे नुसतं हलवूनही भागत नाही, नवी बाटलीच घ्यावी लागते.

पद्धत लेखात दिली होती, पण फोटोवर नजर गेल्यामुळे राहून गेली असावी. पुन्हा लिहिते. नवी, भरलेली 500 मिली नॉर्मल सलाईनची बाटली घ्यायची. डेक्स्ट्रोज शक्यतो नको, कारण त्याने इन्शुलिन सुटतं आणि पोटॅशियम आणखी खाली जाऊ शकतं. सेट लावण्याआधीच, बाटली टेबलावर असताना, रबर स्पिरिटने पुसून 10 मिली केसीएल आत सोडायचं. मग बाटली पूर्ण उलटी, पुन्हा सुलटी, असं किमान 10 वेळा. नुसती हलवल्यासारखी करून चालत नाही. लेबल लावायचं: औषध, किती एमईक्यू, वेळ, सही. मग सेट, मग स्टँड, मग थेंब मोजायचे, घड्याळ लावून, पूर्ण मिनिट. हे सगळं लटकवण्याआधीच का? कारण लटकलेल्या बाटलीला वरून हवेची सुई टोचलेली असते. ती बाटली उलटी केली की गळते, म्हणून कुणी करतच नाही. नवी बाटली नसेलच आणि टाकायलाच हवं असेल, तर आधी किती मिली उरलंय ते बघून हिशोब करायचा, क्लॅम्प पूर्ण बंद करायचा, बाटली खाली उतरवायची आणि मग बाकीचं सगळं तसंच. चालू ड्रिपमध्ये कधीही नाही. आणि पेशंट तोंडाने घेत असेल, आकडा फार खाली नसेल, तर डॉक्टरांना विचारा: केसीएल सिरपच्या 15 मिलीत तेवढेच 20 एमईक्यू असतात, पाण्यात घालून, जेवणानंतर. कितीतरी अँपूल फोडायची गरजच नसते.

ट्रॉलीवर अँपूल ठेवू नका असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही "मग काय दर वेळी स्टोअरला धावायचं?" असंही विचारलंत. होय, धावा. 10 मिलीचं डिस्टिल्ड वॉटर आणि 10 मिलीचं केसीएल, दोन्ही पाण्यासारखी, आकार सारखा, रात्री दिवा मंद. अँटिबायोटिक विरघळवायला किंवा इंट्राकॅथ फ्लश करायला भलतंच उचललं की संपलं. अमेरिकेत जॉइंट कमिशन या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेने 1998 मध्ये आपला पहिला धोक्याचा इशारा काढला तो याच औषधावर: तपासलेल्या 10 मृत्यूंपैकी 8 मध्ये न मिसळलेलं केसीएल थेट शिरेत गेलं होतं, आणि त्यातल्या 6 मध्ये ते दुसरं औषध समजून दिलं गेलं होतं. 2002 मध्ये इंग्लंडनेही हीच सूचना काढली, घट्ट केसीएल साध्या वॉर्डात ठेवू नका म्हणून. ते सगळे एसीत बसले होते असं म्हणायचं असेल तर म्हणा.

बाकीचं थोडक्यात. दुसऱ्या सहीचं मनुष्यबळ मी पुरवू शकत नाही, तो प्रश्न मेट्रनना आणि अधीक्षकांना विचारा. रात्री दोघी आहात ना, मग केसीएल, इन्शुलिन आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) एवढ्यांपुरतं तरी दुसरीने आपला हिशोब आपण करावा. पहिलीचा बघून खाली सही ठोकणं म्हणजे तपासणं नव्हे. आणि पेन आलेत म्हणे! सरकारी पुरवठ्यात इन्शुलिनची 40 ची, म्हणजे मिलीला 40 युनिटची, वायल अजून येते, पेशंट घरून 100 ची आणतो. लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजमध्ये 100 ची वायल 20 च्या खुणेपर्यंत ओढलीत तर अर्धा मिली, म्हणजे 50 युनिट जातात. ते पान वाया गेलेलं नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा जरूर लिहा, पण आधी तुमच्या वॉर्डातल्या आयव्ही सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब छापलेत ते वाचून या. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही "आम्ही 40 थेंबांवर लावतो" एवढंच लिहिलंय. 20 च्या सेटवर ते तासाला 120 मिली होतात, 15 च्या सेटवर 160, मायक्रोवर, म्हणजे 60 च्या सेटवर, 40. यातलं नेमकं कुठलं तुम्ही लावता?