सगळा दोष चर्चच्या माथी नको
अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालासारख्या देशांतून आलेल्या मजुरांवरच्या लेखात म्हटलंय की ते देवभोळे म्हणून एचआयव्हीची टेस्ट टाळतात, हे मला अर्धंच पटलं. कॅथलिक चर्च कंडोमला नाही म्हणतं हे खरंय, पण कॅलिफोर्नियात सकाळी सकाळी होम डेपो या बांधकाम-सामानाच्या दुकानाबाहेर कामासाठी ताटकळणारा माणूस आधी चर्चच्या म्हणण्याचा विचार करतो का हो? एका खोलीत पाच-सहा जण, बायको मेक्सिकोत नाहीतर ग्वाटेमालात, घरी गेलं तर परत बॉर्डर ओलांडायची धास्ती म्हणून वर्षानुवर्षं जाणंच नाही, मग एकटेपणात दारू आणि बाकीचं ओघानं आलंच. शिवाय २०१० पर्यंत एचआयव्ही असलेल्यांना अमेरिकेत यायलाच बंदी होती, ती उठली तरी हाकलून देतील ही भीती मनातून जाते होय? रायन व्हाइट प्रोग्रॅम या एचआयव्हीच्या सरकारी उपचार योजनेतून कागद नसले तरी उपचार मिळू शकतात, पण हे त्यांना सांगणार कोण! १२ डिसेंबरला ग्वादालुपे मातेच्या, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मेरीमातेच्या उत्सवाला हीच माणसं पहाटेपासून चर्चमध्ये गर्दी करतात, तिथं फादरनं स्पॅनिशमधून दोन वाक्यं सांगितली तर सरकारी पोस्टरपेक्षा जास्त ऐकतील. अर्थात तोच फादर गे पोरांबद्दल काय बोलतो तेही बघायला हवं, कारण नवीन केसेस त्यांच्यातच जास्त आहेत आणि लेखात त्यांच्यावर एक ओळसुद्धा नाही.