‘फायटरची तलवार संपत नाही’ : हा हिशेब जुळत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल (२०१४, सुधारित नियम २०२४) एक दावा सतत फिरत असतो. फायटर (शस्त्राने लढणारा) आणि विझार्ड (जादूगार) यांच्यात असमतोल नाहीच, डीएम (खेळ चालवणारे) दिवसाला एकच लढाई ठेवतात म्हणून तसं वाटतं. पुस्तकाप्रमाणे सहा ते आठ लढाया ठेवा, विझार्डचे स्लॉट (मंत्र टाकण्याच्या दिवसभराच्या ठरावीक संधी) संपतील आणि फायटरची तलवार चालूच राहील. या दाव्यामुळे फायटर घेणाऱ्या खेळाडूची खरी तक्रार डीएमच्या नियोजनावर ढकलली जाते, म्हणून तो मुद्द्यामुद्द्याने तपासायला हवा.

सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया हा २०१४ च्या डीएम मार्गदर्शकातला आकडा खरा आहे. तिसऱ्या लेव्हलला तो कामही करतो. विझार्डकडे ६ स्लॉट असतात. आर्केन रिकव्हरी (छोट्या विश्रांतीत काही स्लॉट परत मिळवणं) धरली तरी लढाईमागे जेमतेम एक येतो. नवव्या लेव्हलला मात्र १४ स्लॉट होतात, रिकव्हरी वेगळीच. लढाईमागे दोन, आणि दोन पुरून उरतात. हिप्नॉटिक पॅटर्न हा मंत्र ३० फुटी घनात सापडलेल्या आणि विझ्डम सेव्ह (मंत्र टाळण्यासाठी टाकलेला फासा) चुकलेल्या शत्रूंना मिनिटभर, म्हणजे १० राउंड, निकामी करतो. त्यांना मार बसला, कोणी हलवून जागं केलं किंवा विझार्डची एकाग्रता (कॉन्सन्ट्रेशन) मोडली तरच ते सुटतात. बहुतेक लढाया तीन-चार राउंडांतच आटोपतात आणि मधल्या राउंडांना फुकटचा, म्हणजे स्लॉट न लागणारा, फायर बोल्ट असतोच. स्लॉट संपवून दमवण्याचा उपाय पहिल्या चार लेव्हलपुरताच चांगला चालतो.

तलवार संपत नाही, पण हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) संपतात. पाचव्या लेव्हलला, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२ आणि फाशांची सरासरी धरून, फायटरचे ४४ आणि विझार्डचे ३२. फरक १२ चा, पण मार खातो पुढे उभा असलेला. सेकंड विंड या फायटरच्या स्वतःला सावरण्याच्या क्षमतेने सरासरी साडेदहा परत येतात. पाच हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट परत देणारे फासे) वापरून टाकले तर २०१४ च्या नियमात लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) दोनच मिळतात. लढाया वाढवल्या की आधी फायटरच कोलमडतो.

‘नुकसान तर फायटरच जास्त करतो’ हे एकट्या शत्रूपुरतं मान्य. स्ट्रेंथ १८ आणि ग्रेटसोर्ड असेल तर एका वाराचे सरासरी ११. दोन वार, ६५ टक्के नेम, म्हणजे राउंडला साधारण १४. ॲक्शन सर्ज (एकदा मिळणारी जादा ॲक्शन) वापरलेल्या राउंडला दुप्पट. खरी दरी नुकसानात नाहीच. वॉल ऑफ फोर्स ही विझार्डची जादुई भिंत सेव्ह न मागता शत्रूंची फळी दोन भागांत तोडते. मग आठ जणांची लढाई चार-चार जणांच्या दोन सोप्या लढाया होते. लढाईबाहेर तर फ्लाय, टेलिपोर्ट अशी तयार उत्तरं विझार्डकडे असतात. २०१४ चा साधा फायटर मात्र कुणालाही करता येते तीच ॲबिलिटी चेक (काम जमलं का ते ठरवणारा फासा) करतो. किती प्रकारच्या अडचणी सोडवता येतात, ते नुकसानाच्या तक्त्यात दिसत नाही.

विझार्डला रोखायचे इतर उपायही पुरत नाहीत. अँटिमॅजिक फील्डने (जादू बंद पाडणाऱ्या क्षेत्राने) फायटरची जादुई तलवारही साधी होते आणि विझार्डचा खेळाडू हात बांधून बसतो. लेजेंडरी रेझिस्टन्स (बड्या राक्षसांची सेव्ह यशस्वी ठरवण्याची सोय) फक्त चुकलेल्या सेव्हवर चालतो. वॉल ऑफ फोर्सपुढे त्याचा उपयोग नाही.

२०१४ चे नियम खेळणाऱ्यांनी शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) एका तासाऐवजी दहा मिनिटांची करावी, पण दोन लाँग रेस्टच्या मध्ये दोनच द्याव्यात. ॲक्शन सर्ज वेळेवर परत येतं आणि मर्यादेमुळे वॉरलॉकही (शॉर्ट रेस्टला स्लॉट परत मिळणारा जादूगार) सोकावत नाही. बॅटल मास्टर या फायटरच्या उपप्रकाराचे चार डी८ (आठ बाजूंचे फासे) आणि दोन-तीन मनुव्हर (त्या फाशांवर चालणारे डाव) सगळ्याच फायटरना द्यावेत. बॅटल मास्टर घेणाऱ्याला दोन डाइस जास्त. २०२४ चं वेपन मास्टरीही (शस्त्रागणिक मिळणारे खास परिणाम) आणता येतं. पुश लार्ज आकारापर्यंतच्या शत्रूला सेव्हविना १० फूट ढकलतं. टॉपलचा (शत्रूला पाडणाऱ्या परिणामाचा) सेव्ह प्रत्येक वाराला टाकत बसलं तर खेळ रेंगाळतो, म्हणून तो टर्नला एकदाच ठेवावा.

२०२४ मधलं फायटरचं टॅक्टिकल माइंड सगळ्यात मोलाचं. चुकलेल्या चेकमध्ये सेकंड विंडचा एक वापर देऊन डी१० मिळवता येतो, आणि तरीही चेक चुकली तर वापर खर्च होत नाही. मात्र २०१४ मध्ये सेकंड विंड शॉर्ट रेस्टमागे एकदाच मिळतं, तर २०२४ मध्ये सुरुवातीलाच दोन वापर असतात. संख्या न बदलता फक्त टॅक्टिकल माइंड उचललं, तर खेळाडू बरं होण्यासाठी तो वापर राखून ठेवतो आणि टॅक्टिकल माइंड कागदावरच राहतं. दोन्ही एकत्रच आणावं, आणि फोर्सकेज या जादुई पिंजऱ्यालाही २०२४ प्रमाणे कॉन्सन्ट्रेशन लावावं.