मदरबोर्ड फूटपट्टीने मोजून संगणकाचा वेग कळत नाही

परभणी, नांदेड, लातूर भागात जुळवणीचा संगणक घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड, जेवढा मोठा, तेवढा संगणक वेगवान, मायक्रो एटीएक्स या लहान मापाचा बोर्ड हा हलका माल असून आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही, मोठा बोर्ड घेतला की पुढे कोणताही प्रोसेसर बसवता येतो, आणि मोठ्या कॅबिनेटमध्ये कोणताही बोर्ड डोळे झाकून बसवावा. परभणीत संगणक जुळवून देणे हेच माझे काम असल्याने, हा संदेश दाखवून मोठ्या बोर्डाचा हट्ट धरणारी माणसे मला वरचेवर भेटतात, आणि त्यांचे पैसे नको तिथे जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

वेगाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघाले आहेत. एटीएक्स हे इंटेलने 1995 मध्ये ठरवलेले माप असून तो बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटरचा असतो. 1997 मध्ये आलेला मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त 244 बाय 244 चा, तर व्हिया कंपनीने 2001 मध्ये आणलेला मिनी आयटीएक्स 170 बाय 170 चा. पूर्ण मापाचे एटीएक्स आणि मायक्रो एटीएक्स बोर्ड एकावर एक ठेवून पाहिले, तर प्रोसेसरकडच्या वरच्या भागातली स्क्रूची भोके तंतोतंत जुळतात आणि फरक उरतो तो खालच्या पट्टीचा. त्या पट्टीत असते ती जादा कार्डांची जागा: एटीएक्सवर सात कार्डांपर्यंत, मायक्रोवर चारपर्यंत, मिनी आयटीएक्सवर एकच. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तीच असतील, तर टॅली, टायपिंग किंवा ऑनलाइन अर्ज भरण्याच्या कामात या पट्टीने काहीही फरक पडत नाही. ज्याला ग्राफिक्स कार्डाबरोबर कॅप्चर कार्ड (बाहेरचा व्हिडिओ संगणकात घेणारे कार्ड) आणि आणखी एखादे कार्ड लावायचे आहे, त्याने एटीएक्स जरूर घ्यावा; मात्र माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या यंत्रात एकही जादा कार्ड नसते.

उन्हाबद्दल संदेश लिहिणाऱ्याची काळजी खरी आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर यंत्राला श्वासच मिळत नाही. परंतु बोर्ड तापतो तो प्रामुख्याने प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएम या भागात, आणि तो किती दमदार आहे व त्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, आहे की नाही, हे बोर्डाच्या लांबीवरून ठरत नाही. हीटसिंक असलेला चांगला मायक्रो एटीएक्स बोर्ड हा उघड्या व्हीआरएमच्या स्वस्त एटीएक्सपेक्षा कधीही बरा.

पुढे कोणता प्रोसेसर बसवता येईल हे सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच), चिपसेट (बोर्डावरच्या भागांचा मेळ घालणारी चिप) आणि बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) यांवर ठरते. एलजीए 1700 सॉकेटच्या बोर्डावर इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, त्यापुढचे नाहीत, मग बोर्ड केवढाही असो. रॅमचेही तसेच: डीडीआर4 आणि डीडीआर5 च्या खाचा वेगळ्या ठिकाणी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. म्हणून दुकानात बोर्डाचे माप विचारण्याआधी खोक्यावरचे सॉकेट, चिपसेट आणि रॅमचा प्रकार वाचावा.

कॅबिनेटचा मुद्दा अर्धा खरा आहे. एटीएक्स कॅबिनेटमध्ये मायक्रो एटीएक्स आणि मिनी आयटीएक्स दोन्ही बसतात. काही कंपन्यांच्या तयार संगणकांतले बोर्ड मात्र वेगळ्याच आकाराचे आणि वेगळ्या पॉवर जोडणीचे असतात, ते बसत नाहीत. पण ‘डोळे झाकून’ हे शब्द घातक आहेत. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने जुन्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये नवा मायक्रो एटीएक्स बोर्ड घरीच बसवला आणि बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा फिरून थांबू लागला. दुकानदाराने बोर्ड सदोष दिला, अशी त्याची खात्री झाली होती. बोर्ड उचलून पाहिला, तर आधीच्या बोर्डासाठी लावलेला एक पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून उंच धरणारा छोटा खुंट, तसाच उभा होता आणि त्याचे टोक नव्या बोर्डाच्या पाठीवरच्या डाखांना टेकून शॉर्ट होत होते. पक्कडीने तो स्टँडऑफ काढला, बोर्ड पुन्हा कसला आणि यंत्र पहिल्याच दाबण्यात सुरू झाले.