'व्होरेशस'चा अर्थ नुसता 'खादाड' सांगू नका

आज सकाळी नाशिकला गंगापूर रोडवर मिसळ खाताना शेजारच्या टेबलावर बारावीतला एक मुलगा क्लासची इंग्रजी शब्दांची यादी घोकत होता. 'व्होरेशस म्हणजे खादाड, व्होरेशस म्हणजे खादाड.' मग मित्राला म्हणाला, 'आय ॲम व्होरेशस, अजून पाव सांग.'

दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. राग त्या पोराचा नाही, ३० शब्दांसमोर ३० अर्थ छापून हातात देणाऱ्यांचा आहे.

अहो, पोटात कावळे ओरडत असतील तर शब्द आहे 'रॅव्हनस'. (रॅव्हन पक्ष्याशी त्याचा संबंध नाही. त्याचं मूळ लॅटिनमधल्या लुटीच्या शब्दात आहे.) व्होरेशस ही एका वेळची भूक नाही, ती खोड आहे. लॅटिन 'व्होरारे' म्हणजे गिळंकृत करणं. कार्निव्होर (मांस खाणारा), हर्बिव्होर (वनस्पती खाणारा) त्याच कुळातले, आणि ते तर हा पोरगा शाळेतच शिकलाय! जोडून द्यायला दोन मिनिटं लागतात.

शिवाय हा शब्द एकटा फिरत नाही. 'व्होरेशस रीडर', 'व्होरेशस ॲपेटाइट' अशी त्याची सोबत ठरलेली. आता 'रीडर'ला 'खादाड वाचक' म्हणणार का? आपल्याकडे तयार आहे की: अधाशासारखा वाचणारा, पुस्तकांचा फडशा पाडणारा. ताटाचाही फडशाच पाडतो आपण. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात हे पोरांना सांगायला कुणाला सुचू नये?

बरं, जोड्या लावायच्या प्रश्नात यादीने एक मार्क मिळतो, मान्य. पण वाक्य करायची वेळ आली की तेच होतं, 'आय ॲम व्होरेशस'.

स्पेलिंगचीही मेख आहे. 'व्ही'नंतर 'ओ'ऐवजी 'ई' पडला की 'सत्यवचनी' असा भलताच अर्थ होतो, आणि उच्चार जवळजवळ तोच! जोर दुसऱ्या अक्षरावर, 'रे'वर; पहिलं अक्षर तोंडातल्या तोंडात.

घरात असं पोर असेल तर रागावू नका, बिचारं मन लावून घोकत असतं. दिवसाला पाचच शब्द द्या. कार्डाच्या एका बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा विचारा. शब्दाखाली दोन बरोबर जोड्या लिहा, 'रीडर' आणि 'ॲपेटाइट'. त्यांच्या खाली 'आय ॲम व्होरेशस, अजून पाव सांग', त्यावर काट, आणि शेजारी 'रॅव्हनस'.