खुलासा : सीएमईचे (निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे) तास कमी म्हणजे डॉक्टर बोगस नव्हे

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय : 'सीएमईचे तास भरले नाहीत, त्या डॉक्टरची एमबीबीएस रद्द, तो बोगस.' हे खोटं आहे. पदवी विद्यापीठ देतं, ती अशी जात नाही. या तासांचा संबंध वैद्यकीय परिषदेतल्या नोंदणीशी. 2002 च्या आचारनियमांनुसार दर पाच वर्षांत किमान 30 तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यायचं असतं. वर्षाला सरासरी सहाच तास! उपचार इतक्या झपाट्याने बदलताना तेवढं तरी व्हायलाच हवं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2023 चे नवे नियम त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले; त्यांचा हवाला देऊ नये. शंका असेल तर डॉक्टरांची नोंदणी कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडे तपासावी. तोवर हा मेसेज पुढे पाठवू नका.