बाहुलीचं तोंड आणि मुलांची भाषा

मिशन ट्रिपवर, म्हणजे चर्चतर्फे धर्मकार्यासाठी काढलेल्या दौऱ्यांवर, शाळांत होणाऱ्या बाहुल्यांच्या खेळांना तुमच्या लेखात ‘आठवडाभराची हौस’ म्हटलंय. निम्मं पटलं. आम्ही मूळचे नगरचे, आता टेक्ससमध्ये. चर्चच्या तरुण मुलांबरोबर मी दोनदा जमैकाला गेलो, पेट्या उचलणारा काका म्हणून. तिथे शाळेत सकाळच्या प्रार्थनेला पाहुण्यांना सहज बोलावतात. अमेरिकेत सरकारी शाळेनं प्रार्थना घेणं १९६२च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून बंद आहे, त्यामुळे आमची मुलं आधी बावरलेलीच होती.

पाइपांची चौकट, काळा पडदा, मागे गुडघ्यांवर बसलेली मुलं. दहा मिनिटांत हात भरून येतो आणि बाहुली हळूहळू पडद्यामागे बुडते! शब्दागणिक जबडा खाली यायला हवा, म्हणजे काम अंगठ्याचं. नवखी मुलं वरची चार बोटं उडवतात, मग बाहुली छताशी बोलतेय असं वाटतं.

खरी फजिती भाषेची. बाहुल्यांच्या संवादांची आमची ध्वनिफीत अमेरिकन उच्चारांची आणि समोरची पोरं घरी पात्वा, म्हणजे जमैकाची बोली, बोलणारी. विनोद सगळे वाया. शेवटी तिथल्या एका बाईंनी बाहुली हातात घेतली, बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट पात्वात सांगितली, आणि तो डुकरं राखतो त्या प्रसंगाला वर्ग हसून लोळला. त्या भाषेत बायबलचा नवा करार २०१२ मध्येच आलाय, आम्हाला पत्ता नव्हता. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तकथा कीर्तनातून सांगितली हे लहानपणापासून ऐकलेल्या मला तरी हे आधी सुचायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी ध्वनिफीत नेलीच नाही. बाहुल्या तिथेच ठेवून आलो.